मुलींना हॉलमध्ये बसवलं, मुलांना ग्राउंडवर पाठवलं : आमच्या शाळा समितीला खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापिका मॅडम, शाळा समितीचे सगळे सदस्य आणि पालक संघाचे प्रतिनिधी,

मी तुमच्याच शाळेतला पीटीचा शिक्षक. हेच म्हणणं आधी ऑफिसात लेखी दिलं होतं, तेव्हा "बघू" असं उत्तर आलं, नंतर परत विचारलं तर "सर तो विषय मिटलाय आता" म्हणाले. माझ्या दृष्टीने मिटलेला नाही म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. कुणाचं नाव घेणार नाही, शाळेचंही नाही, आणि ज्या मुलांबद्दल लिहीन त्यांची ओळख पटेल असं काहीही यात नसेल. माझी स्वतःची मुलगी याच शाळेत आठवीत आहे, म्हणजे मी नुसता स्टाफ नाही, पालक पण आहे, तेही धरून वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात झालं काय ते. सातवी ते नववीसाठी आठवड्यातून एक तास ठरला होता, वयात येताना शरीरात काय होतं, मनात काय होतं, मैत्री, कोणीतरी आवडणं, नकार, राग, फोनवर काय जपायचं, असं सगळं वर्षभर हळूहळू घ्यायचं, मुलं मुली एकत्र. सुरुवातीचे तास झाले, मुलं बोलायला लागली होती, तेवढ्यात काही पालकांची तक्रार आली, घाईघाईत मीटिंग झाली आणि तास बंद. बदल्यात काय, तर वर्षातून एकदा एक तासाचं सेशन, फक्त मुलींसाठी, तेही पॅड बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं येऊन घेणार. त्या वेळात मुलांचं काय करायचं हा प्रश्न तुम्ही एका वाक्यात सोडवलात, सरांकडे द्या, ग्राउंडवर खेळतील. ते सर म्हणजे मी.

माझं भांडण मुख्यतः या वाक्याशी आहे. वयात येणं ही अर्ध्या वर्गाची गोष्ट आहे आणि उरलेल्या अर्ध्या वर्गाने तेवढा वेळ बॉल खेळावा, हे तुम्ही ठरवलंत, आणि मुलांना ते बरोबर कळलं.

मी बायोलॉजीचा शिक्षक नाही, कौन्सिलरही नाही. पण वाढणारी शरीरं रोज डोळ्यासमोर बघणारा या शाळेत माझ्याइतका दुसरा कोणी नसेल. वर्षाच्या सुरुवातीला ज्याला लाइनमध्ये पुढे उभा करतो तो वर्ष संपताना मागे गेलेला असतो. आधी बुटाचा नंबर बदलतो, मग पाय लांब होतात, धड सगळ्यात शेवटी, त्यामुळे मधले काही महिने चांगला खेळणारा पोरगा पण अडखळतो, कॅच सोडतो आणि त्याला वाटतं आपला खेळच गेला. गुडघ्याच्या खाली टेंगूळ येऊन दुखतं, त्याला ऑसगुड श्लॅटर म्हणतात, वाढीच्या वयात पळणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये कॉमन आहे, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप जातं. हे मी पोरांना बिनधास्त सांगू शकतो, आजपर्यंत एकाही पालकाची तक्रार नाही. गुडघ्याबद्दल बोललेलं चालतं, गुडघ्याच्या वर दोन वीत गेलं की मीटिंग लागते.

आता माझ्या तक्रारी. नंबर घालून नीट मांडायचा प्रयत्न करतो, पण काही ठिकाणी लांबेल कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

पहिली, मुलांना वगळलं ही. आधीच्या एका शाळेतली गोष्ट सांगतो. एक मुलगा सकाळी प्रॅक्टिसला आला आणि पोटात दुखतंय म्हणून बसून राहिला. उलटी झाली, घरी पाठवला, घरी पण पोटात दुखतंय एवढंच. खरं दुखणं वृषणात होतं, ते त्याने रात्री उशिरा सांगितलं. याला टॉर्शन म्हणतात, वृषण ज्या दोरीसारख्या नसांवर लटकलेलं असतं तिला पीळ पडतो आणि रक्त जायचं बंद होतं, सगळ्यात जास्त १२ ते १८ या वयात होतं. साधारण ६ तासांच्या आत ऑपरेशन झालं तर बहुतेक वेळा वृषण वाचतं, २४ तास गेले तर क्वचितच. त्याचं एक वृषण काढावं लागलं. मुलगा आज ठीक आहे, एका वृषणावर आयुष्यात काही अडत नाही, पण डॉक्टरांनी उशीर का केलास विचारलं तेव्हा तो म्हणाला, कोणाला कसं सांगायचं कळलं नाही. वर्गात पाच मिनिटं कोणी सांगितलं असतं की तिथे अचानक जोरात दुखलं तर ती इमर्जन्सी असते, लाजायचं नाही, लगेच मोठ्या माणसाला सांगायचं, तर एवढं पुरलं असतं. हे सांगण्यात अश्लील काय आहे ते समितीने मला समजावून सांगावं.

आणि हे तर टोकाचं झालं. रोजचं म्हणाल तर १३-१४ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना छातीवर थोडी गाठ किंवा फुगवटा येतो, कधी एकाच बाजूला, हात लागला तरी दुखतो. हार्मोनचं गणित बसेपर्यंत असं होतं आणि साधारण ६ महिने ते २ वर्षांत बहुतेकांचं जातं. पण कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे मुलगा खांदे पुढे पाडून चालायला लागतो, उन्हाळ्यात पण जॅकेट, पोहायला यायचं बंद, आणि बाकीची मुलं त्याला मुलीच्या नावाने हाक मारतात. मी बाहेरून बघतो तेव्हा मला पोश्चर बिघडलेलं दिसतं, आत त्याला वाटत असतं आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. तसंच रात्री झोपेत वीर्य बाहेर येणं. शंभर टक्के नॉर्मल गोष्ट, पण कित्येक मुलं त्याने ताकद जाते, खेळ बिघडतो अशा धास्तीत महिनोन्महिने काढतात आणि मग भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातींमधल्या भोंदू डॉक्टरकडे जातात. त्या जाहिराती वाचायला यांना कोणी अडवत नाही, समितीने त्यावर कधी ठराव केलेला मला आठवत नाही.

मुलींची वयात यायला सुरुवात साधारण ८ ते १३ या वयात कधीही होते, मुलांची ९ ते १४. जेम्स टॅनर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुलामुलींची वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन या वाढीचे ५ टप्पे मांडले, मुलींचं काम १९६९ ला छापून आलं, मुलांचं १९७० ला, आणि डॉक्टर आजही तेच टप्पे वापरतात. त्यातून एक साधी गोष्ट दिसते की टप्प्यांचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो पण सुरू कधी होणार आणि वेग किती हे प्रत्येकाचं वेगळं. म्हणून आठवीच्या एकाच बाकावर एकाला मिशी फुटलेली असते आणि शेजारच्याचा आवाज अजून चौथीतल्यासारखा, आणि दोघंही नॉर्मल. हे एकदा फळ्यावर काढून दाखवलं असतं तर अर्धी चिडवाचिडवी थांबते. माझा अनुभव आहे, मी पावसात ग्राउंड बंद असताना एकदा काढून दाखवलं होतं, आता ते पण सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी शोधायला नको.

दुसरी तक्रार, मुलींना तुम्ही जे दिलंत त्याबद्दल. माझ्या मुलीकडूनच कळलं की पॅड कसं लावायचं, कसं टाकायचं आणि कुठलं घ्यायचं एवढं झालं, शेवटी एकेक पाकीट हातात. उपयोगी नाही असं म्हणत नाही, पण पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती अनियमित असू शकते, २१ ते ४५ दिवसांचं अंतर या वयात चालतं, हे कोणी सांगितलं नाही. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर डॉक्टरकडे जायचं, दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल तर जायचं, दुखणं इतकं की दर महिन्याला शाळा बुडते तर ते "सहन करायचं असतं" या खात्यात टाकायचं नाही, हे पण नाही. माझ्याकडे दर महिन्याला चिठ्ठ्या येतात, "पोटात दुखतंय, पीटीला सूट मिळावी", आणि काही मुलींच्या चिठ्ठ्या प्रत्येक महिन्याला येतात. मला त्यातून एवढंच कळतं की हिने डॉक्टरला दाखवायला पाहिजे, पण ते मी तिला सांगायचं कसं, कारण वर्गात हा विषयच निघालेला नाही तर पीटीच्या सरांनी एकदम बोलणं तिला विचित्र वाटणार. उलट पण होतं. जोरात प्रॅक्टिस करणाऱ्या, कमी जेवणाऱ्या मुलीची पाळी बंद झाली तर तिला आणि कधी कधी कोचला पण बरं वाटतं, स्पर्धेच्या वेळी कटकट नको. तर ती धोक्याची खूण आहे, शरीराला खर्चाएवढं खाणं मिळत नाहीये, हाडं कमजोर होतात. ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून यावर खेळाडूंसाठी वेगळी सूचना काढलेली आहे. पाकीट वाटणाऱ्या कंपनीकडून हे कळेल अशी अपेक्षा पण नाही, त्यांचं काम पाकीट विकायचं.

शिवाय मुलींना हॉलमध्ये बंद दाराआड बसवलं की मुलं विचारतात "आत काय सांगितलं", आणि मग दोन दिवस ते खिदळणं चालतं, एखादीच्या ड्रेसला डाग पडला तर अख्खा वर्ग हसतो. हसतात कारण त्यांना माहीत नाही आणि माहीत नाही हे दाखवायचं नसतं. मुलींचा त्रास कमी करायचा असेल तर ते सेशन मुलांना जास्त गरजेचं आहे, मला तरी असं वाटतं.

तिसरी. मनाबद्दलचा जो भाग होता तो तुम्ही "टाइमपास" म्हणून काढलात. हा शब्द मीटिंगमध्ये वापरला गेला, मी तिथे होतो. शरीराबद्दल आक्षेप निदान समजू शकतो, पण रागाचं काय करायचं, एकटं वाटलं तर कोणाशी बोलायचं, याला आक्षेप कशाचा? या वयात मेंदूचा भावनांचा, बक्षीस शोधणारा भाग आधी तापतो आणि थांब, विचार कर म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. अमेरिकेत २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला होता, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, काही जण एकटे खेळले आणि काही जण मित्र बाजूला असताना. १३ ते १६ वयाची मुलं मित्र बघत असताना बरीच जास्त रिस्क घ्यायची, मोठ्या माणसांना मित्र असले नसले तरी विशेष फरक पडला नाही. हे मी रोज बघतो, एकटा असताना समजूतदार असलेला पोरगा चार जणांसमोर भिंतीवरून उडी मारतो. हे मुलांना सांगितलं तर त्यांना ते पटतं, ते स्वतःच उदाहरणं देतात. "तू मूर्ख आहेस" ऐकण्यापेक्षा "चौघांमध्ये तुझा मेंदू असा वागतो, तेव्हा दहा सेकंद थांब" हे ऐकून पोरं निदान विचार तरी करतात.

आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी साधारण एक तृतीयांश १४ वर्षांच्या आत सुरू होतात आणि निम्मे १८ च्या आत. म्हणजे आपल्याच वर्गांमध्ये. त्याची पहिली खूण बहुतेक वेळा मार्क कमी होणं, चिडणं, झोपाळूपणा अशीच असते आणि आपण त्याला शिक्षा करतो. झोपेचंच बघा, या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा यायला लागते, गरज मात्र ८ ते १० तासांची राहते, आणि आपण पहाटेची प्रॅक्टिस ठेवतो. तो वेगळा भांडणाचा विषय आहे, त्याचं पत्र स्वतंत्र लिहीन.

चौथी तक्रार पालकांशी बोलून मांडतोय, कारण मुळात "यांच्या डोक्यात नको ते भरेल" हे वाक्य तिकडून आलं. मी त्या पालकांना वाईट समजत नाही. त्यातल्या एकांशी ग्राउंडच्या कडेला बराच वेळ बोललो, त्यांचा मुद्दा असा होता की आम्हाला आधी काही दाखवलंच नाही, मुलाने घरी येऊन एकदम शब्द वापरला तेव्हा आम्ही दचकलो. हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, शाळेने आधी पालकांना बसवून सगळा अभ्यासक्रम दाखवायला हवा होता. पण त्यावर उपाय म्हणजे पालकांना दाखवणं, तास बंद करणं कसं काय? आणि "माहिती दिली की मुलं लवकर त्या वाटेला जातात" ही भीती तपासून झालेली आहे. युनेस्कोने बाकीच्या संस्थांबरोबर या विषयाची मार्गदर्शिका २००९ मध्ये काढली, २०१८ मध्ये सुधारून परत काढली, त्यात जगभरचे अभ्यास बघून स्पष्ट लिहिलंय की अशा शिक्षणामुळे मुलं लवकर सुरुवात करत नाहीत, उलट काही ठिकाणी उशिरा करतात आणि जास्त काळजी घेतात. फक्त "करू नका" एवढंच सांगणारे कार्यक्रम मात्र फारसे चालत नाहीत. त्याच मार्गदर्शिकेत वयाप्रमाणे गट पाडलेत, ५ ते ८ पासून, आणि लहान गटात काय आहे तर कुटुंब, मैत्री, स्वतःच्या शरीराच्या भागांची नावं, कोणी नको तसा हात लावला तर कोणाला सांगायचं. स्वीडनमध्ये शाळेत हा विषय १९५५ पासून सक्तीचा आहे, तिथे त्याने समाज बुडाला असं काही ऐकिवात नाही.

त्या मुलाने घरी जो शब्द वापरला तो पुस्तकातला, डॉक्टर वापरतात तो शब्द होता. मुलाला स्वतःच्या अवयवाचं नाव नीट घेता येत असेल तर उद्या कोणी काही केलं तर तो ते नीट सांगू शकेल, "तिकडे", "खाली" यात फिरत बसणार नाही. आणि पालकहो, पोरांच्या डोक्यात नको ते आधीच आहे. फोन आहे ना हातात. तिथे जे बघतात त्यात कोणी कोणाला विचारत नाही, नको म्हटलं तरी चालू ठेवतात, सगळ्यांची शरीरं एकाच साच्यातली. बारा-तेराव्या वर्षी तेच पहिलं पुस्तक झालं तर त्याला खोडून काढायला कोणीतरी मोठं माणूस वर्गात उभं राहिलं पाहिजे.

पाचवी आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, नात्यांबद्दलचा भाग गेला. शरीराचं निदान सायन्सच्या पुस्तकात एक धडा आहे, घाईत का होईना वाचला तरी जातो. पण आवडणाऱ्या मुलीने नाही म्हटलं तर पुढे काय, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी मुलांना हरायला शिकवतो, तो माझ्या कामाचा भाग आहे, मॅच हरल्यावर हात मिळवायचा, अंपायरवर ओरडायचं नाही, रडायला आलं तर रडायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. नकाराचं पण तसंच शिकवता येतं, सराव देता येतो, जोड्या करून वाक्यं म्हणून बघता येतात. "ठीक आहे, सांगितलंस ते बरं केलंस" हे वाक्य तोंडातून काढायला मुलांना किती जड जातं ते त्या तासांना मी मागे बसून बघितलंय, आणि दोन-तीनदा म्हटल्यावर किती हलकं वाटतं ते पण. सारखं मागे लागलं की मुलगी शेवटी हो म्हणते, हे मुलांना खरोखर वाटतं, त्यांनी तेच बघितलंय सगळीकडे. मुलींना पण नाही म्हणायचा सराव लागतो, आणि मुलींनाही नकार ऐकायचा, हे एकतर्फी नाहीये.

तसंच "माझ्यावर प्रेम असेल तर पासवर्ड दे", "कोणाशी बोलत होतीस, स्क्रीनशॉट पाठव", "फोटो पाठव नाहीतर ब्रेकअप". नववीतली मुलं याला प्रेम समजतात, कोणी काळजी करतंय म्हणून खूश पण होतात. चांगल्या नात्यात काय असतं, तर नाही म्हणता येतं आणि त्याची शिक्षा होत नाही, आपले बाकीचे मित्र राहतात, भीती वाटत नाही, चुकलं तर सॉरी म्हणता येतं. चार ओळी आहेत. आणि फोटो पाठवला आणि पुढे त्यावरून धमकी आली तर काय करायचं, पैसे द्यायचे नाहीत, फोटो अजून पाठवायचे नाहीत, मेसेज डिलीट न करता ठेवायचे, त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं, आणि त्या मोठ्या माणसाने आधी ओरडायचं नाही. शेवटचा भाग आपल्या सगळ्यांसाठी आहे, स्टाफरूमसकट.

सहावी, ती पेटी. पहिल्या तासापासून वर्गाबाहेर नाव न लिहिता प्रश्न टाकायची पेटी ठेवली होती. पहिल्या खेपेला उघडली तेव्हा मी मदतीला होतो. "एक बाजू दुसरीपेक्षा खाली आहे, हा आजार आहे का." "माझी उंची आता थांबली का." "मला कोणीच आवडत नाही, सगळ्यांना कोणीतरी आवडतं, माझ्यात काही कमी आहे का." "ती नाही म्हणाली तर परत किती वेळा विचारायचं." आणि एक अशी, "माझा मित्र सारखा मरायचं बोलतो, कोणाला सांगू नको अशी शपथ घातलीय, मी काय करू." त्या चिठ्ठीचं उत्तर नाव न घेता सगळ्या वर्गाला दिलं, की अशी शपथ मोडायची असते, त्याला सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही आणि लगेच मोठ्यांपर्यंत जायचं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, पुढचं जे करायला हवं ते झालं. त्यानंतर पेटी परत भरली आणि तेवढ्यात तास बंद झाला. ती पेटी ऑफिसच्या कपाटात आहे, न उघडलेली. मी किल्ली मागितली तर "आता त्याची गरज नाही" असं उत्तर मिळालं. गरज आहे की नाही हे न वाचता कसं ठरलं, मला खरंच कळत नाही. आत तशी अजून एखादी चिठ्ठी असेल तर?

बाकी किरकोळ पण रोजचं, मुलींच्या टॉयलेटला कडी नाही, कचऱ्याचा झाकणाचा डबा नाही, दुपारनंतर पाणी नसतं. सेशन घेऊन पॅड वाटली आणि बदलायला जागा नाही, यावर जास्त काय लिहू.

आता मागण्या.

पेटी याच आठवड्यात उघडा. दोन शिक्षक आणि एक डॉक्टर किंवा कौन्सिलर अशांनी मिळून वाचा, अक्षर ओळखून कोणी लिहिलं ते शोधू नका, आणि तातडीचं काही असेल तर त्याच दिवशी वर्गात जाऊन बोला. यासाठी समितीच्या ठरावाची वाट बघायची गरज नाही.

सातवी ते नववीचा तास परत सुरू करा, सगळ्यांसाठी, वर्षभर. बहुतेक भाग मुलं मुली एकत्र, मध्ये काही तास वेगळे ठेवा जिथे लाजणारे प्रश्न मोकळेपणाने विचारता येतील, मला दोन्हीची गरज दिसते. सुरू करण्याआधी पालकांची बैठक, पूर्ण अभ्यासक्रम हातात, प्रश्न विचारा, बदल सुचवा. एखाद्या पालकाला अमुक भागाला मुलाला बसवायचं नसेल तर ते त्यांनी लेखी कळवावं, पण चार घरांच्या नकाराने सगळ्या शाळेचा तास जाऊ नये.

शिकवणारे ट्रेनिंग घेतलेले हवेत, कुठल्याही कंपनीचे प्रतिनिधी नकोत. आमच्यातल्या ज्यांना जमेल त्यांना ट्रेनिंग द्या, मी माझं नाव देतोय, सुट्टीत करायला तयार आहे. ज्यांना हे बोलताना अवघडतं त्यांच्यावर लादू नका, मुलांना ते लगेच कळतं.

एखाद्या मुलाने त्रास दिल्याचं सांगितलं तर कोणाकडे जायचं, कोण घरी कळवणार, पुढे कोणाला कळवणं बंधनकारक आहे, हे एका कागदावर लिहून स्टाफरूममध्ये लावा. आत्ता प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने वागतो.

टॉयलेटच्या कड्या, डबे आणि पाणी. याला चर्चा नको, माणूस बोलवा.

आणि एक गोष्ट मी माझ्या बाजूने कळवतोय. पुढच्या वेळी मुलींना हॉलमध्ये बसवून मुलांना माझ्याकडे पाठवलंत तर मी त्यांना खेळायला नेणार नाही, त्यांना घेऊन हॉलच्या दाराशी येईन आणि आत बसू द्या म्हणेन. हे धमकी म्हणून वाचू नका, पण त्या दिवशी कोणाला आश्चर्य वाटायला नको म्हणून आधीच लिहून ठेवतोय. त्यावर कारवाई करायची असेल तर जरूर करा, कारण मात्र लेखी द्या.

पालकांनो, ज्यांना हा तास हवाय पण बोलत नाहीत असे तुमच्यातले बरेच आहेत, मला ग्राउंडवर भेटून हळूच सांगतात. तक्रार करणाऱ्यांनी लेखी तक्रार केली होती, तुम्ही पण लेखी द्या, दोन ओळी पुरतील. समितीसमोर आत्ता फक्त एका बाजूचे कागद आहेत.

समितीची पुढची बैठक महिनाअखेरीला आहे. हा विषय अजेंड्यावर घ्या, मला पंधरा मिनिटं द्या, ज्या पालकांनी तक्रार केली त्यांनाही बोलवा, आणि जो निर्णय होईल तो कारणासकट सगळ्या पालकांना कळवा.

आपला,
पीटीचा शिक्षक आणि आठवीतल्या एका मुलीचा बाप